नाक कुणीकडे?

१८६० : प्रशिया

तुम्ही शेताच्या बांधावर उभे आहात. सूर्य नुकताच बुडालाय. पश्चिमेकडचं आकाश अजून उजळ आहे आणि त्या उजेडावर एक पवनचक्की काळीकुट्ट उमटली आहे. तिच्या भिंती, खिडक्या, पात्यांवरचं कापड यातलं काहीच दिसत नाही. दिसते ती फक्त कडा. पाती संथ फिरताहेत. तुम्ही जरा तिरके उभे आहात, म्हणून त्यांचं वर्तुळ लंबगोल झालंय. चक्कीचं तोंड तुमच्याकडे आहे अशी तुमची खात्री आहे. तुम्ही तिच्याकडे टक लावून पाहत राहता, आणि एका क्षणी ती पाठमोरी होते. मघाशी जवळची वाटणारी पाती आता पलीकडची वाटतात, आणि त्यांच्याबरोबर फिरण्याची दिशाही उलटल्यासारखी भासते. वारा तोच आहे आणि चक्की जागची हललेली नाही.

योझेफ सिन्स्टेडेन हा प्रशियन सैन्यातला डॉक्टर आहे आणि त्याला भौतिकशास्त्राचा ध्यास आहे. संध्याकाळच्या चक्कीचा हा खेळ त्याने याच वर्षी नोंदवून ठेवला. त्याच्या आधी, १८३२ मध्ये, लुई नेकर या स्विस शास्त्रज्ञाने कागदावरची स्फटिकाची रेखाकृती अशीच आत-बाहेर उलटताना पाहिली होती. पुढे २००३ मध्ये नोबुयुकी कायाहारा हा जपानी रचनाकार गिरकी घेणारी एक काळी नर्तकी संगणकावर काढेल. तीही पाहता पाहता उलटी फिरू लागेल.

डोळ्याने चूक केलेली नाही. काळ्या आकृतीत जवळचं काय आणि लांबचं काय हे सांगणारी खूण उरलेली नसते. तुमच्याकडे तोंड असलेली चक्की आणि पाठमोरी चक्की, दोन्हींची कडा सारखीच असते. मेंदू त्यातली एक निवडतो आणि ठाम खात्रीने तुमच्यापुढे ठेवतो. ही खात्रीच धोक्याची आहे. चक्की जमिनीत रोवलेली असल्याने तुमचा अंदाज चुकला तरी कुणाचं काही बिघडत नाही. पण हीच काळी आकृती हवेत सुटी असेल आणि तिची सूत्रं तुमच्या हातात असतील, तर तिचं नाक कुणीकडे आहे यावर तिचं असणं-नसणं ठरतं.

१९४१ : पेनसिल्वेनिया

तुम्ही पाओली गावच्या एका जुन्या कोठारात आला आहात. मध्यभागी छोटं हेलिकॉप्टर आहे, त्यात विजेची मोटर आहे, आणि तिथून निघालेल्या तारा एका माणसाच्या हातातल्या नियंत्रणपेटीपर्यंत गेल्या आहेत. माणूस पस्तिशीतला आहे. आर्थर यंग, प्रिन्स्टनमध्ये गणित शिकलेला. एक तपाहून जास्त काळ तो अशी मॉडेल्स बनवतोय, मोडतोय, पुन्हा बनवतोय. मॉडेल लहान असलं की मोडतोड स्वस्तात पडते आणि दुसऱ्या दिवशी पुढचा प्रयत्न करता येतो, ही त्याची रीत.

मोटर गुणगुणते. मॉडेल जमिनीवरून उठतं आणि हवेत एका जागी उभं राहतं. नीट पाहिलंत तर पात्यांना काटकोनात एक दांडी फिरताना दिसेल, टोकांना वजनं असलेली. फिरणारी जड वस्तू आपली फिरण्याची पातळी सहजी सोडत नाही. मॉडेलचं अंग कलंडलं तरी दांडी आपल्या पातळीत फिरत राहते आणि जोडलेल्या दुव्यांमधून रोटरलाही त्या पातळीत धरून ठेवते. दांडी नव्हती तेव्हा मॉडेल एकदा झुकलं की झोके वाढत जात आणि ते आपटे. आता ते तुम्हाला विचार करायला वेळ देतं.

आता यंग कुठे उभा आहे ते पाहा. गेल्या वर्षी, १३ मे १९४० रोजी, इगोर सिकोर्स्कीने व्हीएस-३०० हे हेलिकॉप्टर दोरखंडाविना उडवलं तेव्हा तो त्याच्या आत बसला होता. त्याचं डावं ते यंत्राचं डावं, त्याच्या समोर ते यंत्राच्या समोर. यंत्र कितीही फिरलं तरी हे नातं अढळ राहिलं. यंग मात्र बाहेर उभा आहे. मॉडेल पाठमोरं असेपर्यंत ठीक. पण ते वळून त्याच्याकडे पाहू लागलं की त्याचं डावं यंगच्या उजव्या हाताला येतं, आणि त्याचं पुढे येणं म्हणजे यंगच्या अंगावर येणं.

३ सप्टेंबर १९४१ रोजी यंग हे मॉडेल बफेलोला नेऊन लॅरी बेलच्या विमान कारखान्यात उडवून दाखवील. त्यातून बेल ४७ हे हेलिकॉप्टर जन्माला येईल आणि ८ मार्च १९४६ रोजी त्याला नागरी वापराचं प्रमाणपत्र मिळेल, हेलिकॉप्टरला मिळालेलं असं पहिलंच. दांडीने मोठ्या यंत्राचा तोल सांभाळला. बाहेर उभ्या राहणाऱ्याची अडचण मात्र तिने सोडवली नाही, कारण मोठ्या यंत्राला ती अडचण नव्हतीच. ती मॉडेल उडवणाऱ्यांच्या वाट्याला आली.

१९७१ : स्टॅनफर्ड

मॉडेल उडवायच्या मैदानावर जायच्या आधी थोडा वेळ या अंधाऱ्या खोलीत बसा. तुमच्यासमोर दोन चित्रं येतात. प्रत्येकात छोटे घन जोडून केलेली वाकडीतिकडी आकृती. दोन्ही आकृत्या एकच आहेत का, फक्त फिरवलेल्या? एकच असतील तर उजव्या हाताने कळ ओढायची, वेगळ्या असतील तर डाव्या. रॉजर शेपर्ड आणि जॅकलीन मेट्झलर हे मानसशास्त्रज्ञ तुमचा वेळ मोजताहेत.

दोन्ही आकृत्या एकाच कोनात असतात तेव्हा तुम्ही साधारण एका सेकंदात उत्तर देता. कोन वाढेल तसा वेळ वाढतो, आणि तोही थेट प्रमाणात. पूर्ण उलट्या, म्हणजे १८० अंशांत फिरवलेल्या आकृतीसाठी चार सेकंदांहून जास्त लागतात. तुम्ही ती आकृती मनातल्या मनात उचलून फिरवत असता, आणि त्या फिरवण्यालाही वेग असतो. तो वेग साधारण सेकंदाला ६० अंश.

आता गणित मांडा. हवेत उभं असलेलं मॉडेल हेलिकॉप्टर एका बाजूला फक्त १० अंश कललं आणि तसंच राहिलं, तर तीन सेकंदांत ते साधारण आठ मीटर सरकतं. म्हणजे तुमच्याकडे तोंड केलेलं मॉडेल मनात फिरवून ‘त्याचं डावं कुठलं’ हे तुम्ही ठरवाल, तोवर ते झाडात असेल किंवा तुमच्या पायाशी. विचार कितीही बरोबर असला तरी उशिरा पोचतो. माणसं मैदानावर जे महिनोन्महिने शिकतात, त्याचं कारण या खोलीत मोजलं गेलं.

१९७३ : पश्चिम जर्मनी

उन्हाळ्यातला शनिवार. कापलेल्या गवताचं मोठं मैदान, हलका वारा आणि जळलेल्या एरंडेलाचा वास. मॉडेलच्या छोट्या इंजिनाला मिथेनॉल लागतं आणि वंगणासाठी त्यात एरंडेल मिसळलेलं असतं. गवतावर बेल ह्यूईकोब्रा या लष्करी हेलिकॉप्टरचं मॉडेल उभं आहे. रोटरचा घेर दीड मीटरच्या आसपास, पाती लाकडाची. तीन वर्षांपूर्वी, १९७० मध्ये, डीटर श्ल्युटर या जर्मन गृहस्थांनी असंच मॉडेल रेडिओवर ताब्यात ठेवून उडवून दाखवलं. त्याआधी बहुतेकांची हेलिकॉप्टरं उडी मारत आणि आडवी होत. आता जुळणीचे संच विकत मिळतात, आणि सुट्टीच्या दिवशी लोक मैदानावर धीर गोळा करताना दिसतात.

तुमच्या शेजारी एक अनुभवी गृहस्थ उभे आहेत. त्यांनी मॉडेलच्या खाली दोन लांब काठ्या एकमेकींवर आडव्या बांधल्यात आणि टोकांना चेंडू लावलेत. मॉडेल तिरकं उतरलं तर काठी टेकते आणि पाती वाचतात. ते तुम्हाला मॉडेलच्या मागे पाच-सहा मीटरवर उभं करतात. वारा तुमच्या तोंडावर येतोय. शेपटीच्या उभ्या पंखामुळे मॉडेल आपोआप नाक वाऱ्याकडे धरू पाहतं, म्हणजेच शेपूट तुमच्याकडे. सुरुवातीला वाऱ्याने तुमच्या बाजूने असावं.

ट्रान्समीटर हातात घ्या. उजवी स्टिक रोटरची चकती, म्हणजे फिरत्या पात्यांचं वर्तुळ, कलवते : पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. डावी स्टिक वर-खाली केली की इंजिनाचा जोर बदलतो आणि आडवी केली की शेपटीचा पंखा. या मॉडेलमध्ये सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलता येत नाही. वर जायचं तर रोटरचा वेगच वाढवावा लागतो आणि तो क्षणभर उशिरा वाढतो. शिवाय रोटरला जोर दिला की त्याच्या प्रतिक्रियेने सगळं धड उलट्या बाजूला वळू पाहतं. म्हणून जोर बदलला की दर वेळी शेपटीच्या पंख्याने नाक सावरायचं. शेपूट आपोआप धरून ठेवणारा गायरो या मॉडेलमध्ये नाही. सगळं तुमच्या अंगठ्यांवर आहे.

इंजिन सुरू होतं. तुम्ही जोर वाढवता. काठ्यांची टोकं गवतावरून सुटतात, आणि लगेच शेपूट डावीकडे झोकांडते. तुम्हाला ती उजवीकडे आणायची आहे, म्हणून तुम्ही स्टिक उजवीकडे दाबता. शेपूट आणखी डावीकडे जाते!

“नाक!” गृहस्थ ओरडतात. “नाकाकडे बघा!”

शेपूट तुमच्या सगळ्यात जवळ आहे, म्हणून डोळा तिच्यावर जातो. पण स्टिक नाकाची आहे. शेपूट डावीकडे गेली म्हणजे नाक उजवीकडे गेलं; नाक डावीकडे आणायचं तर स्टिक डावीकडे. शेपूट पाहून उडवणारा प्रत्येक वळणावर उलटा जातो. नजर उचलून पुढे, काचेच्या टोपीपलीकडे, नाकाच्या टोकावर ठेवा. शेपूट तुमच्या नजरेच्या कडेला आपोआप राहील.

आता दुसरी सवय. तुम्ही मॉडेल जमिनीवरून वीतभर उचलून तिथेच धरायचा प्रयत्न करता, पडलं तर कमी लागेल म्हणून. गृहस्थ हाताने खूण करतात : वर, आणखी वर. रोटरचा वारा खाली आपटून परत वर येतो आणि जमिनीलगत मॉडेल त्या गोंधळात डचमळत राहतं. छातीच्या उंचीवर ते बरंच शांत होतं. शिवाय रोटरची चकती आता तुमच्या डोळ्यांच्या जवळपास येते आणि तिचा कल स्पष्ट दिसू लागतो.

हा कल वाचणं म्हणजेच हॉवर, हवेत एका जागी उभं राहणं. मॉडेल सरकू लागलेलं दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो, कारण त्याच्या आधी चकती कललेली असते. तळहातावर काठी उभी धरताना आपण तळहाताकडे पाहत नाही, काठीच्या वरच्या टोकाकडे पाहतो. तशी इथे नजर चकतीच्या कडेवर हवी. चकती डावीकडे झुकली की जरा उजवीकडे, आणि लगेच परत मध्ये. स्टिक ढकलून धरून ठेवलीत तर मॉडेल तिकडून इकडे दुप्पट वेगाने येईल. बारीक टिचकी, मग मधली जागा, मग पुन्हा पाहणं.

मॉडेल हळूहळू उजवीकडे निघालंय. तुम्ही जागीच उभे आहात, त्यामुळे आता तुम्हाला त्याची डावी बाजू दिसू लागलीय आणि मनात किंचित गोंधळ उडालाय. गृहस्थ तुमच्या दंडाला धरून तुम्हाला चालवू लागतात. मॉडेल जिकडे जाईल तिकडे तुम्हीही, कायम शेपटीच्या मागे. पहिले काही दिवस मॉडेलला एका जागी धरायची घाई नको. त्याच्याशी तुमचं नातं एका जागी राहायला हवं. हात शिकेपर्यंत पायांनी दिशा सांभाळायची.

टाकी संपायच्या आधीच ते तुम्हाला उतरायला लावतात. तुमचे खांदे कानांपर्यंत आलेले आहेत आणि पापणी कधी लवली ते तुम्हाला आठवत नाही. दमलेला डोळा आधी चकती सोडतो, मग नाक, आणि शेवटी दिसतो तो फक्त एक हलणारा ठिपका.

दुपार कलताना दुसरा धडा सुरू होतो. शेपूट तुमच्याकडे असताना नाक जरासं डावीकडे वळवा, ४५ अंशांपर्यंत. धरा. परत सरळ करा. मग उजवीकडे तेवढंच. हे इतकं ओळखीचं होऊ द्या की तिथे विचार लागणार नाही. मग ९० अंश : मॉडेल पूर्ण आडवं, नाक डावीकडे, त्याची डावी बाजू तुमच्याकडे. आता उजवी स्टिक पुढे ढकलली की मॉडेल तुमच्या डावीकडे जातं, आणि डावीकडे ढकलली की थेट तुमच्याकडे येतं. इथे घाबरायला होतं. गृहस्थ एक युक्ती देतात : ट्रान्समीटरसकट तुमचं अंगही डावीकडे वळवा आणि उजव्या खांद्यावरून मॉडेलकडे पाहा. तुमचं शरीर आणि मॉडेल आता एकाच दिशेला तोंड करून आहेत. तुमचं डावं तेच त्याचं डावं. मान तेवढी वळलेली आहे. काही दिवसांनी अंग आपोआप समोर येऊ लागेल, आणि कळायच्या आत तुम्ही आडवं मॉडेल समोरून धरून ठेवाल. मग हेच उजव्या बाजूने. दोन्ही बाजू सारख्या पक्क्या हव्यात. एक बाजू कच्ची राहिली तर नेमकं संकट तिथूनच येतं.

गृहस्थांना स्टॅनफर्डमधली ती अंधारी खोली ठाऊक नाही. तरी ते तिचंच उत्तर देताहेत. १८० अंश एका दमात मनात फिरवायला जमत नाहीत, म्हणून ते तुम्हाला ते फिरवायलाच लावत नाहीत. ४५ अंशांचा एक कोन ओळखीचा झाला की पुढचा. प्रत्येक कोनातलं मॉडेल तुमच्या ओळखीचं व्हायला हवं, घरातल्या माणसाचा चेहरा बाजूनेही ओळखू येतो तसं. ओळखीच्या चेहऱ्यासाठी मनात काही फिरवावं लागत नाही.

मॉडेल आणखी वळतं. १३५ अंश, आणि मग नाक थेट तुमच्यावर. कोब्राचं मूळ यंत्रच समोरून अतिशय अरुंद, धड जेमतेम मीटरभर रुंद, म्हणून मॉडेलही समोरून एक बारीक उभी चीर दिसते. मागूनही जवळपास तशीच. तिन्हीसांजेची चक्की इथे पुन्हा तुमच्यासमोर उभी आहे. मॉडेल तुमच्या डावीकडे सरकतंय. सवयीने हात उजवीकडे जातो. मॉडेल आणखी जोरात डावीकडे पळतं.

“टेकू द्या!” गृहस्थ म्हणतात. “पडतंय तिकडेच टेकू!”

मॉडेल ज्या बाजूला सरकतंय त्याच बाजूला स्टिक न्या, जणू त्या बाजूने खालून आधार देताय. डावीकडे पळतंय तर स्टिक डावीकडे. तुमच्या अंगावर येतंय तर स्टिक तुमच्याकडे ओढा. लांब चाललंय तर पुढे ढकला. मॉडेलचं तोंड तुमच्याकडे असताना हे सगळं बरोबर बसतं. मॉडेल थांबतं. डोळ्यांत डोळे घालून उभं राहतं. एक सेकंद, दोन सेकंद. मग तुम्ही नाक फिरवून त्याला आडवं करता, तुमच्या ओळखीच्या बाजूला. पळवाट आधीच ठरलेली असावी : गोंधळ झाला की ९० अंश फिरवून आडव्यावर या.

टेकूचा नियम फक्त कुबडी म्हणून वापरायचा. शेपूट तुमच्याकडे असताना तो घातक आहे, तिथे सगळं उलट चालतं. काही आठवड्यांनी तुमच्या लक्षात येईल की तुम्ही नियम म्हणतच नाही; हात जातो आणि मॉडेल थांबतं. तेव्हा नियम सोडून द्या.

ऊन उतरलंय. तुम्ही मॉडेल थोडं लांब नेता, तीस-चाळीस मीटर. उजळ आकाशावर ते काळं पडतं आणि तुमच्या आत एक थंड झटका येतो : नाक कुणीकडे? हात वेड्यासारखे हलवायचा मोह होतो. त्याऐवजी मॉडेललाच विचारा. उजवी स्टिक हलकेच उजवीकडे द्या आणि पाहा. मॉडेल उजवीकडे गेलं तर शेपूट तुमच्याकडे आहे. डावीकडे गेलं तर नाक. दूर किंवा जवळ गेलं तर ते आडवं आहे. हालचाल आकृतीपेक्षा खरं बोलते. उत्तर मिळालं की जवळ आणा आणि उतरवा.

मग गृहस्थ तुम्हाला आपलं दुसरं मॉडेल दाखवतात. नाक भगवं, शेपटीचा पंख पांढरा, डाव्या आणि उजव्या कुशीला वेगळे रंग. पात्यांची टोकं पिवळी रंगवली आहेत, म्हणजे फिरताना चकतीची कडा उजळते आणि तिचा कल लांबूनही दिसतो. लष्करी हिरव्या-तपकिरी रंगातलं मॉडेल फोटोत देखणं दिसतं, पण शिकणाऱ्याचं मॉडेल हवेत वाचता यायला हवं. ज्याला शिकायचंय त्याने आधी रंगाचा डबा उघडावा.

त्यानंतर

आता काळ भराभर सरकवा. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात फिरत्या चाकाचे यांत्रिक गायरो येतात आणि शेपटीचे झटके शोषून घेतात. नव्वदच्या दशकात त्यांची जागा पिझो गायरो घेतात, आणि दशक संपता संपता असे गायरो येतात की नाक एका दिशेला सोडलं की ते तिथेच राहतं, वारा कसाही असो. कोब्राच्या काळी तुमचं अर्धं लक्ष खाणारं काम एका छोट्या डबीने उचललं. त्याच सुमारास घरच्या संगणकावर सिम्युलेटर येतात. तिथे मॉडेल शेकडो वेळा आपटलं तरी लाकूड मोडत नाही. नाक स्वतःकडे धरण्याचा सराव आता पावसाळ्यातही घरबसल्या करता येतो, आणि तो करावाच.

२००४ मध्ये तैवानच्या अलाइन कंपनीचं टी-रेक्स ४५० येतं : विजेवर चालणारं, एका हाताने उचलता येणारं, सुटे भाग सहज मिळणारं. पुढच्या काही वर्षांत यंगच्या दांडीची वंशज असलेली फ्लायबारही रोटरवरून जाते. तिचं काम इलेक्ट्रॉनिक संवेदक करू लागतात. आजच्या कित्येक मॉडेल्सना एक बटन असतं. ते दाबलं की मॉडेल कसंही उलटंपालटं असो, स्वतःला सरळ करतं.

हा क्रम नीट वाचा. कलण्याचं ओझं दांडीने घेतलं, शेपटीचं गायरोने, पडझडीचं सिम्युलेटरने, घाबरलेल्या क्षणाचं बटनाने. प्रत्येक दशकाने हातांवरचं एकेक काम उतरवलं. पण मॉडेल सरळ झाल्यावर त्याला कुठे न्यायचं हे बटन ठरवत नाही. ते सरळ आहे, पण तुमच्याकडे तोंड करून आहे की पाठमोरं? ते अजूनही तुम्हालाच पाहावं लागतं, १९७३ च्या त्या गवतावर लागत होतं तसंच.

आज

तुमच्या गावाबाहेरच्या मैदानावर या. सकाळ, कमी वारा, सूर्य पाठीशी. लहान विजेचं हेलिकॉप्टर, खाली आडव्या काठ्या, चमकदार टोपी. मैदान रिकामं आहे, मॉडेल तुमच्यापासून पुरेसं लांब आहे आणि बघ्यांना तुम्ही मागे उभं केलंय. पाती लहान असली तरी हाड मोडू शकतात.

शेपूट तुमच्याकडे. गायरो नाक धरून आहे, संवेदक कल शोषताहेत, आणि त्यामुळे मॉडेल पहिल्याच दिवशी बऱ्यापैकी उभं राहतं. इथेच नवशिक्याचा घात होतो. शेपटीचं हॉवर आठवड्यात जमतं, म्हणून तो पुढे निघतो, वळणं घेऊ लागतो, आणि मॉडेल परत येताना प्रथमच त्याच्याकडे तोंड करतं. त्या कोनाची त्याची ओळखच झालेली नसते. अनुभवी लोक पाहतात ती पडझड बरेचदा अशी, परतीच्या वाटेवर होते.

म्हणून यंत्र कितीही हुशार झालं असलं तरी क्रम तोच ठेवा. आधी शेपूट, मग दोन्हीकडचे ४५ अंश, मग दोन्ही कुशी, मग दोन्हीकडचे १३५, आणि मग नाक. आठ दिशा, आठ चेहरे. प्रत्येक दिशेत मॉडेल धरून ठेवता येईपर्यंत पुढची दिशा उघडू नका. हा धीर वाया जात नाही. बाहेरून यंत्र सांभाळणाऱ्या माणसाला त्याच्या आत शिरायचा हा एवढाच मार्ग आहे, आणि त्यावर चालताना मन ज्या रीतीने बदलतं ते पाहणं हे या छंदाचं खरं सुख आहे. एके दिवशी मॉडेल तुमच्याकडे तोंड करून उभं असतं, तुम्ही त्याला तुमच्या उजवीकडे पाठवता, आणि नंतर लक्षात येतं की मध्ये ‘डावं-उजवं’ असा विचार झालाच नाही. त्या दिवसापासून इंग्रजी आठाचा आकडा गिरवायला घ्या : संथ, डोळ्यांच्या उंचीवर, स्वतःसमोर. त्यात आठही चेहरे एकामागून एक येतात, आणि एखादा कच्चा राहिला असेल तर आकडा नेमका तिथे वाकडा होतो. जिथे वाकडा झाला, त्या दिशेला पुढची अख्खी बॅटरी द्या.